घटसर्प पावसाची वाट पाहत नाही

दिल्लीतल्या द्वारकेच्या टोलेजंग इमारतींपासून थोड्याच अंतरावर ककरोला आणि गोयला या डेअरी वसाहती आहेत. तिथे म्हशी शेणमुताच्या ओलीत दाटीवाटीने बांधलेल्या असतात. घटसर्पाला आणखी काय हवे?

जनावरांना हा रोग जडवणारा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू धडधाकट जनावराच्या घशातही दबा धरून बसतो. दमट हवा, ट्रकमधला लांबचा प्रवास किंवा चाऱ्याची आबाळ झाली की तो उसळी घेतो. आधी सणकून ताप आणि लाळ, मग गळ्याखाली गरम, टणक सूज, श्वासाची घरघर. पुष्कळदा दिवसभरात म्हैस दगावते. सूज आल्यावर टोचलेले प्रतिजैविक बहुधा कामी येत नाही.

उपाय महागडा नाही. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये लस टोचली की बहुतेक जनावरे वाचतात. गायींचा सांसर्गिक फुप्फुसदाह भारताने हटवला आणि 2007 मध्ये त्याला जागतिक मान्यताही मिळाली. मग घटसर्पापुढे हात टेकायचे कारण नाही.

संसर्ग टाळण्यासाठी बाजारातून आणलेली म्हैस दोन-तीन आठवडे वेगळी बांधायला या वसाहतींत जागाच नसते, ही अडचण खरी आहे. ती जागा महापालिकेने द्यावी आणि लसीकरणाची पथके मे महिन्यातच गोठ्यांत पाठवावीत.