खुन्याचा उदोउदो, वाचविणाऱ्याला शिव्या!

ता. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनामातील माय लाई येथे अमेरिकन शिपायांनी निःशस्त्र बायापोरे व म्हातारेकोतारे गोळ्या घालून मारली; व्हिएतनामी मोजदादीप्रमाणे ५०४! शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट कॅलीला, १९७१ साली जन्मठेप. तोच अमेरिकेत हलकल्लोळ उठला. मेलेल्यांसाठी? छे, कॅलीसाठी! त्याच्या गुणगानाची तबकडी लाखांनी खपली. अध्यक्ष निक्सनसाहेबांनी त्याला तुरुंगातून काढून घरी बसविले. म्हणे, तो हुकमाचा ताबेदार! मग हेलिकॉप्टर आडवे घालून गावकऱ्यांना वाचविणारा थॉम्पसन त्याच फौजेचा नव्हता काय? त्याच्या वाट्याला शिव्या व जिवाच्या धमक्या. त्या माणुसकीचे पदक मिळायला १९९८ साल उजाडले. वाचकहो, ज्याला परक्याचे पोर पोर वाटत नाही, त्याचे देशप्रेम म्हणजे दरोडेखोरांची एकी होय!