‘टाकाऊ’ या विशेषणाविषयी

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मराठी शाळांमधून गेली कित्येक वर्षे इतका रूढ झाला आहे की त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. यमक साधलेले आहे, हेतू चांगला आहे, प्रदर्शनाच्या फलकावर शोभतोही. तथापि यातील पहिले विशेषण दिसते तितके निरुपद्रवी नाही, असे आमचे मत आहे. एखादी वस्तू टाकाऊ आहे हे कोण ठरवतो आणि ते ठरल्यावर त्या वस्तूवर राबणाऱ्या माणसाच्या श्रमाचे काय होते, हा प्रश्न भाषेचा आहे आणि अर्थकारणाचाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे पाठ फिरवू नये, यासाठी हे टिपण.

आमच्यासमोर उदाहरण आहे ते हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारचे. परभणी-हिंगोली रस्त्यावरचे, औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव. नावातच बाजार असलेल्या गावी वस्तूचा भाव कसा ठरतो हे पाहणे उद्बोधक असते. या परिसरातील जुनी घरे माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या दांड्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरची माती यांचा धसका मराठवाड्याने घेतला. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत खुद्द हिंगोली जिल्ह्याला धक्के बसले, तेव्हा ती धास्ती पुन्हा जागी झाली. माळवदे उतरत गेली आणि स्लॅब पडत गेले. उतरलेल्या माळवदातून सागवान, बाभूळ, लिंब यांचे लाकूड बाहेर आले. मोठे, धड नग घनफुटाच्या भावाने विकले जातात. उरलेले तुकडे सरपणात जातात, किंवा एखाद्या सुताराच्या दारात येऊन पडतात.

या तुकड्यांना टाकाऊ म्हणणे लाकडाविषयीच्या अज्ञानाचे लक्षण आहे. दोन पिढ्या छपराखाली राहिलेले सागवान पूर्ण वाळलेले असते. नव्या लाकडाप्रमाणे ते वर्षभराने आकसत नाही, पिळवटत नाही, सांधे सोडत नाही. मात्र त्याचे स्वतःचे धोके असतात. आत मोडून राहिलेला खिळा रंध्याच्या पात्याला खांडे पाडतो. वरून सुबक दिसणारा तुकडा आतून भुंग्याने पोखरलेला निघतो. जुना तैलरंग लागलेल्या लाकडाचे पोळपाट-लाटणे करू नये, कारण त्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ साली. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅकिंगच्या फळ्यांवर छाप असतो, तोही वाचावा लागतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारातून स्वयंपाकाची वा मुलांच्या हाती द्यायची वस्तू करणे योग्य नव्हे. तुकडा हाती घेतल्यावर त्यातून रवी निघेल, लाटणे निघेल, चौरंगाचा पाय निघेल की पोथी ठेवण्याचे घडीचे स्टँड, हे ठरवण्यासाठी रेषा वाचता याव्या लागतात. ही एक साक्षरताच आहे. संहितेतील गाळलेल्या जागा ओळखणाऱ्या आम्हां मंडळींना तिचे महत्त्व कळायला हरकत नसावी.

आता भावाकडे वळू. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एका लहान चौरंगाला चार तास लागतात असे धरा. ताशी ८० रुपये म्हणजे ३२० रुपये मजुरी. लाकडाचे १००, सरस-खिळे-पॉलिशचे ४०, वीज आणि हत्यारांच्या धारेचे ४०. एकूण ५०० रुपये. गिऱ्हाईक म्हणते, ‘लाकूड तर भंगारातले, त्याचे पाचशे?’ आणि दोनशेवर अडून बसते. दोनशेत सौदा झाला तर १८० रुपयांचा खर्च वजा जाता उरतात २० रुपये, म्हणजे तासाला पाच. ‘टाकाऊ’ हे विशेषण लाकडाला लावलेले असते, पण वजावट होते ती मजुरीतून. विशेषणाचे हे स्थलांतर व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. बाजारात मात्र ते रोज घडते.

असे का व्हावे? याचे एक कारण आपल्या गावरचनेच्या इतिहासात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार विवेचन आहे, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, जू, गाडी यांची वर्षभराची दुरुस्ती त्याने करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. या व्यवस्थेत मोबदला माणसाशी आणि वर्षाशी बांधलेला होता, वस्तूशी नव्हे. एका तिफणीची किंमत किती, हा प्रश्नच उद्भवत नसे. पुढे बलुते गेले, नांगरटीला ट्रॅक्टर आला, लाकडी तिफणीच्या जागी लोखंडी पेरणीयंत्र आले. सुतार खुल्या बाजारात उभा राहिला, पण वस्तूचा भाव सांगण्याची भाषा त्याला वारशाने मिळालेली नव्हती. ‘समजून द्या’ हे त्याचे वाक्य बलुत्याच्या काळातले आहे. समोरचे गिऱ्हाईक त्या काळात उरलेले नाही.

साहित्यानेही या बाबतीत फारशी मदत केलेली नाही, हे म्हटले पाहिजे. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) ने या शब्दामागची वेदना आणि अवहेलना मराठी वाचकासमोर ठेवली. ते ऋण मोठे आहे. ग्रामीण साहित्याने शेतकऱ्याचे जग उभे केले. कारागिराचे कौशल्य मात्र बहुधा पार्श्वभूमीलाच राहिले. वाकस, किंकरे, पटाशी, गिरमिट, गुण्या हे शब्द आमच्या वर्गांत आता तळटीप देऊन समजावावे लागतात. गंमत अशी की भाषेच्या पोटात हा व्यवसाय अजून जिवंत आहे. कोणाच्या कामात आपण पाचर मारतो, कोणाला मेख मारून ठेवतो, खुंटी हलवून बळकट करतो. पंचतंत्रातले माकड अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटते आणि जिवाला मुकते. पाचर लाकूड फाडते आणि सैल सांधा घट्टही करते. वाक्प्रचारात मात्र तिचा पहिलाच गुण उतरला. हत्यार हातातून गेले की शब्दाचा अर्धा अर्थ असा गळतो.

जगात अन्यत्र काय घडले? जॉर्ज नाकाशिमा हा जपानी वंशाचा अमेरिकन वास्तुकार १९३० च्या दशकात पुदुच्चेरीला अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंडे’ या इमारतीवर काम करून गेला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याला आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत ठेवले. तेथे गेंतारो हिकोगावा या जपानी सुताराच्या हाताखाली, मिळेल त्या उरल्यासुरल्या लाकडावर तो काम शिकला. पुढे त्याच्या टेबलांतील भेगा आणि त्या सांधणारी फुलपाखराच्या आकाराची जोडपट्टी हीच त्याची ओळख ठरली. भेग लपवायची नसते, तिचा मान राखायचा असतो, हे त्याने गिऱ्हाइकाला पटवले. येथे लाकूड बदलले नाही. त्याविषयी बोलण्याची रीत बदलली.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. चार चौरंग आणि दहा लाटणी विकून संसार चालत नाही. प्राध्यापक मंडळींनी पगाराच्या सावलीत बसून कारागिरीचे गोडवे गाऊ नयेत. हे अगदी खरे. कारागिरीचा गौरव करता करता जातीच्या चौकटीचाही गौरव होण्याचा धोका असतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ व्यवसाय आहेत. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज आहे. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला, तो ती घराण्यातल्या व्यवसायाला बांधील आहे या कारणाने. मदत हवीच, पण सुताराच्या मुलानेच सुतार व्हावे अशी अपेक्षा तिच्यात दडलेली नसावी, हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पटाशी कोणाही जातीच्या मुला-मुलीच्या हाती यावी आणि सुताराच्या मुलीने खुशाल पीएच.डी. करावी.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन, सेट-नेट होऊन, भरतीच्या प्रतीक्षेत बसलेले कितीतरी विद्यार्थी आमच्या परिसरात आहेत. त्यांतला एखादा मोकळ्या वेळात तुकड्यांतून पेनस्टँड, पुस्तकांचे टेकू, देव्हारे करून औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत वा हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात विकू लागला, तर ‘एवढे शिकून सुतारकी?’ असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. विचारणारे पुष्कळदा सुशिक्षितच असतात. १९३७ च्या वर्धा परिषदेत हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला गेला आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही शालेय वयात सुतारकामासारख्या कामांची ओळख हवी असे म्हटले. कागदावर मान्य झालेली ही गोष्ट आपल्या बोलण्यात अजून उतरलेली नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अशी वस्तू विकणाऱ्याने तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी: लाकूड कोणते, कोणत्या प्रकारच्या घरातले, काम किती तासांचे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ती चिठ्ठी लिहून द्यावी आणि त्या निमित्ताने कारागिराकडून हत्यारांची, सांध्यांची, लाकडाच्या गुणदोषांची नावे टिपून घ्यावीत. बोलीच्या अभ्यासाला याहून जिवंत क्षेत्र कोणते मिळेल? आणि विकत घेणाऱ्यांनी भाव करताना लाकडाचा काय तो करावा, तासांचा करू नये. ‘भंगारातले’ हा शब्द ओठांवर आलाच, तर तो कशाला लावत आहोत याचा क्षणभर विचार करावा.