दुसऱ्या नाम्याची अडगळ

आपल्या वाङ्मयेतिहासात एक अत्यंत सोयीची व्यक्ती वावरत असते. तिचे नाव 'दुसरा'. दुसरा ज्ञानेश्वर, दुसरा नामा, दुसरा वामन. एखादी रचना आपल्या मनातील कवीच्या प्रतिमेत बसेनाशी झाली की ती या दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची आणि पहिल्याचे अंगण स्वच्छ ठेवायचे, हा उद्योग आपण गेली शंभर-सव्वाशे वर्षे संशोधन या नावाने चालवीत आलो आहोत. एका नावाची अनेक माणसे असतात, त्यांतली काही कवी असतात, काही मुत्सद्दी, काही वैद्य. हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप नामसाम्य मानण्याला नाही. ते ज्या पुराव्यावर मानले जाते, त्या पुराव्याला आहे.

मिशेल फूको याने १९६९ साली 'लेखक म्हणजे काय' या व्याख्यानात संत जेरोमच्या चार कसोट्यांचा उल्लेख केला आहे. एका नावावर चालणाऱ्या ग्रंथांपैकी जो इतरांहून कमी दर्जाचा असेल तो वगळावा. ज्यातील विचार इतरांशी विसंगत असेल तो वगळावा. ज्याची शैली वेगळी असेल तो वगळावा. आणि ज्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या घटना येतील तोही वगळावा. फूकोचे म्हणणे असे की आधुनिक समीक्षा स्वतःला कितीही पुढारलेली समजो, लेखक ठरविताना ती फारसे निराळे काही करीत नाही. आमच्या परिसंवादांतून हे व्याख्यान उद्धृत झाल्याशिवाय दिवस मावळत नाही. मात्र ते उद्धृत करणारे विद्वान नामदेवांच्या गाथेकडे वळून पाहत नाहीत, आणि गाथेत आयुष्य घालवणाऱ्यांना फूकोशी कर्तव्य नसते. जेरोमच्या चार कसोट्यांपैकी वस्तुनिष्ठ म्हणावी अशी शेवटचीच. पहिल्या तीन म्हणजे आपल्या अभिरुचीचा हुकूम; आणि आपल्याकडे निवाडे झाले आहेत ते बहुतांशी या तिघींच्या जोरावर.

या कसोट्या किती फसव्या आहेत याचा प्रत्यय घ्यायचा तर दूर जायला नको. समजा, तीनशे वर्षांनंतरच्या एखाद्या संशोधकाच्या हाती आजच्या ग्रंथांची पहिली पाने फाटलेली चळत लागली आणि प्रत्येकावर 'गाडगीळ' एवढेच अक्षर शाबूत राहिले. तो काय करील? कथा एका गाडगीळांच्या, अर्थशास्त्र दुसऱ्या गाडगीळांचे, असा निर्वाळा देईल. निर्वाळा डौलदार, आणि अर्धा चूक! गंगाधर गोपाळ गाडगीळ (१९२३–२००८) हे नवकथेचे अध्वर्यूही होते आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापकही. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) हे निराळे गृहस्थ. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. एकाच आडनावाची दोन माणसे एका व्यवसायात, आणि त्यांतल्या एकाचेच दोन व्यवसाय. 'विषय निराळा म्हणून माणूस निराळा' हे सूत्र लावताच पहिले गाडगीळ दुभंगतात आणि त्यांचा अर्धा भाग दुसऱ्या गाडगीळांत विरून जातो. वामन मल्हार जोशी आणि वामन गोपाळ जोशी, म्हणजे 'रागिणी'कार आणि 'रणदुंदुभी'कार, हे समकालीन असूनही आपण त्यांची गल्लत करीत नाही, कारण आपल्याकडे बापाचे नाव मधे घालण्याची रीत आहे. ती नसती तर कादंबरीतले तत्त्वचिंतन आणि नाटकातला वीररस एका लेखणीतून उतरणे शक्य नाही, असा शैलीशास्त्रीय प्रबंध एव्हाना तयार झाला असता. आणि योगायोगाने तो बरोबर ठरला असता. चूक पद्धतीने बरोबर उत्तर येते तेव्हा पद्धतीवरचा विश्वास दुणावतो, हेच खरे संकट.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवरामबुवा भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये लिहून ज्ञानेश्वर दोन असल्याचे प्रतिपादन केले. ज्ञानेश्वरीचा कर्ता नाथपंथी तत्त्वज्ञ, अभंगांचा कर्ता विठ्ठलभक्त. ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही, अभंगांत विठ्ठलावाचून काही नाही. सबब माणसे दोन. हा सिद्धान्त विद्वानांनी बहुमताने अमान्य केला. तथापि अमान्य करताना त्यामागचे गृहीतक कोणी तपासले नाही. एका माणसाने भाष्यही लिहावे आणि वाळवंटात टाळही धरावा यात अशक्य काय आहे? प्राचीनांना अशी अडचण वाटत नसे. व्याकरणाचे महाभाष्य, योगसूत्रे आणि वैद्यक ही तिन्ही एकाच पतंजलीची मानून त्यांनी वाणी, चित्त आणि शरीर या तिहींच्या शुद्धीचे श्रेय त्याला दिले. ते बहुधा चुकले असतील. पण माणसाच्या कुवतीविषयी त्यांची कल्पना आपल्याइतकी कोती नव्हती.

आता नामदेव. इथे प्रकरण खरोखर अवघड आहे, कारण इथला दुसरा काल्पनिक नाही. विष्णुदास नामा नावाचा कवी सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळाजवळ होऊन गेला आणि त्याने महाभारताची पर्वे ओवीबद्ध केली. संत नामदेव (१२७०–१३५०) त्याच्या दोन-अडीच शतके आधीचे. आज छापील गाथेत नामदेवांच्या नावावर दोन हजारांहून अधिक अभंग आहेत आणि त्यांत 'नामा' या मुद्रेबरोबर 'विष्णुदास नामा' ही मुद्राही मुक्तपणे येते. यातले पहिल्याचे कोणते, दुसऱ्याचे कोणते?

मुद्रेने हे ठरत नाही. 'विष्णुदास' हे विशेषनाम आहे तसेच ते वैष्णवाचे सामान्य विशेषणही आहे. नामदेवांनी स्वतःला विष्णूचा दास म्हणवून घेण्यास कोणाची हरकत असणार? भाषेनेही ठरत नाही. ज्ञानेश्वरीसारख्या लिखित ग्रंथाचा पाठ अवघ्या तीनशे वर्षांत इतका बिघडला होता की १५८४ साली एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. मग कीर्तनकारांच्या मुखात आणि बाडांत पिढ्यानुपिढ्या फिरलेल्या अभंगांची भाषा चौदाव्या शतकात गोठून कशी राहील? अर्वाचीन रूप हे अर्वाचीन कर्त्याचे प्रमाण होऊ शकत नाही. ही दोन साधने हातची गेल्यावर अभ्यासक काय करतात? जे आर्त, कोवळे, लडिवाळ ते संत नामदेवांचे. जे पसरट, आख्यानपर, पुराणिकी थाटाचे ते दुसऱ्याचे. पुढच्या प्रकरणात त्याच निवडलेल्या अभंगांवरून 'नामदेवांच्या काव्याचे वैशिष्ट्य म्हणजे आर्तता' असा निष्कर्ष काढला जातो. तर्कशास्त्रात याला चक्रक म्हणतात. आमच्या विद्यापीठांत याला शैलीविचार म्हणतात आणि त्यावर परीक्षेत वीस गुणांचा प्रश्न विचारतात.

हीच मंडळी विसंगतीची कसोटी किती लवचीकपणे वापरतात ते पंजाबच्या संदर्भात पाहावे. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा निराळी, आणि त्यांतल्या अनेकांचा निर्गुणाकडे असलेला कल पंढरीच्या सगुणप्रेमाहून निराळा. भारद्यांचे सूत्र इथे लावले तर पंजाबचा नामदेव दुसराच ठरवावा लागेल, आणि तशी शंका घेणारेही होते. पण २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा ही शंका कोणाच्या ओठांवर आली नाही. तेथे विसंगतीला आपण व्यापकता म्हटले, विकास म्हटले, राष्ट्रीय एकात्मतेचे बीज म्हटले. माझेही मत नामदेव एकच असावेत असे आहे. परंतु जी विसंगती घुमानात थोरवी ठरते तीच पंढरपुरात परकेपणाचा पुरावा कशी होते, याचे उत्तर मिळाले पाहिजे. विसंगती पदरात घेतल्याने प्रतिष्ठा वाढत असेल तर माणूस एक. घटत असेल तर दोन.

प्रतिष्ठेचा हा हिशेब उलट दिशेनेही चालतो. 'दमयंतीस्वयंवरा'चा कर्ता रघुनाथपंडित याच्या चरित्राविषयी आपल्याजवळ भरवशाचे फारसे काही नाही. कविता मात्र देखणी. इतक्या देखण्या कवितेचा धनी अनामवत् राहावा हे मनाला रुचेना. तेव्हा शिवकालीन राज्यव्यवहारकोशाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते रघुनाथ नारायण हणमंते म्हणजेच हा कवी, असे एक मत पुढे आले. फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा मुत्सद्दी आणि नळराजाच्या हातातला हंस रंगवणारा कवी! विषयांतले अंतर ज्ञानेश्वरी आणि अभंग यांच्यातल्या अंतराहून कमी नाही. तरी येथे दोघांना एक करताना शैलीभेद आड आला नाही, कारण हणमंते हे नाव वजनदार होते.

इतके झाल्यावर आमचे सिद्धान्तवादी मित्र म्हणतील, 'आम्ही तेच सांगत होतो. लेखक मेला आहे, संहिता वाचा.' ख्रिश्चन ली नोव्हेत्झ्के यांच्या २००८ सालच्या नामदेवविषयक ग्रंथाचाही हवाला देता येईल. कीर्तनपरंपरेत 'नामा' हे एका व्यक्तीच्या मालकीचे नाव न राहता गाणाऱ्या अनेकांना सामावणारे कसे होते, याचा विचार त्यात गांभीर्याने झाला आहे, आणि मुद्रेला सही समजून बनावट सह्या शोधत बसण्याचा आपला पोलिसी खाक्या त्याने सैल व्हावा. तरीही सगळेच नामे एका परंपरेत विरघळवून टाकणे मला पटत नाही. त्यात बळी जातो तो पुन्हा दुसराच. जुन्या संशोधकाने विष्णुदास नाम्याला अडगळीची खोली केले. नवा सिद्धान्तक ती खोलीच अस्तित्वात नाही म्हणतो. महाभारत मराठीत आणण्याचा प्रचंड खटाटोप ज्याने केला, मुक्तेश्वराच्या आधी ती वाट ज्याने तुडवली, त्या कवीची महाभारतरचना आम्ही एम.ए.च्या वर्गात किती वेळा उघडली? त्याचे नाव निघते ते दुसऱ्याच्या गाथेतली भेसळ म्हणून. लेखकाच्या मृत्यूची घोषणा ज्यांचे लेखकपण आधी मान्य झाले त्यांच्याविषयी शोभते. विष्णुदास नाम्याचा अजून जन्मच नोंदवायचा आहे.

काम कोणते करायला हवे हे अवघड नाही, कष्टाचे आहे. गाथा कवीच्या नावाने छापण्याआधी मुद्रेच्या नावाने छापावी. प्रत्येक अभंगापुढे तो कोणकोणत्या बाडांत, कोणत्या शकाच्या, कोणत्या मुद्रेने येतो याची नोंद असावी. आणि जेथे निवाडा शक्य नाही तेथे निवाडा देऊ नये. 'संदिग्ध' असा एक मोठा विभाग गाथेत राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. महाभारताची पर्वे स्वतंत्रपणे, चिकित्सक आवृत्तीत यावीत, म्हणजे विष्णुदास नाम्याची शैली निदान त्याच्या निर्विवाद रचनेवरून ठरवता येईल. आज ती नामदेवांच्या नाकारलेल्या अभंगांवरून ठरते. पंढरीच्या विठ्ठलाच्या ज्या दोन आरत्या घरोघर एकापाठोपाठ म्हटल्या जातात, त्यांतल्या एकीत नामदेवांचे नाव आहे आणि दुसरीत विष्णुदास नाम्याचे. म्हणणाऱ्यांना त्याने अडचण होत नाही. पण संपादकाला दुसरी आरती कोणाच्या नावावर घालायची याचे कारण लिहून द्यावे लागेल, आणि 'ती गोड आहे' हे कारण चालणार नाही.