ग्राफिक्स कार्ड शेवटी घ्या, आधी कामाचा हिशोब करा



फोटो स्टुडिओ किंवा एडिटिंगचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. तुमचं काम मुख्यतः फोटोंचं असेल आणि व्हिडिओ अधूनमधून येत असेल, तर कार्ड ही खरेदीच्या यादीतली शेवटची गोष्ट आहे. बोरिवली असो की मुलुंड, गाळ्याचं डिपॉझिट आणि भाडं यातच भांडवलाचा मोठा भाग जातो. उरलेल्या पैशात महागडं कार्ड घेतलं आणि प्रिंटरच्या शाईला पैसे उरले नाहीत, तर तो धंदा नाही, हौस झाली.

फोटोचं काम कशावर चालतं?

पासपोर्ट फोटो, शाळेची आयकार्डं, अल्बम डिझाइन ही फोटोशॉपमधली कामं मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतात. आधी ३२ जीबी रॅम, चांगली एनव्हीएमई एसएसडी आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर घ्या. मॉनिटरवर चेहरा गोरा आणि प्रिंटमध्ये पिवळा आला, तर गिऱ्हाईक तुमचं कार्ड विचारत नाही, पैसे परत मागतं.

एक अपवाद आहे. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं. ते जवळजवळ पूर्णपणे कार्डावर चालतं. घाटकोपर-बोरिवलीत नवरात्रीचे गरबे शूट करणाऱ्यांना रात्रीचे शेकडो फोटो साफ करायचे असतात. तिथे चांगलं कार्ड खरंच तास वाचवतं.

व्हिडिओसाठी आधी कॅमेऱ्याची फाइल बघा

मोबाईलचा किंवा साधा ८ बिटचा व्हिडिओ आजकालचं कुठलंही कार्ड सहज चालवतं. घोळ होतो तो ४:२:२ १० बिट एच.२६५ फाइलमध्ये. सोनी ए७ फोर, कॅनन आर६ असे कॅमेरे ही फाइल देतात. एनव्हिडियाची ३० आणि ४० सिरीजची कार्डं ही फाइल हार्डवेअरवर उघडत नाहीत. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजपासून मिळाली. पण इंटेलच्या १२व्या जनरेशनपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स प्रीमियर प्रोमध्ये हे काम आधीपासून करतं. म्हणून प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' नाही ना, ते बघा. 'एफ'मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. हजार-दीड हजार वाचवायला गेलात तर टाइमलाइन अडकत बसेल.

दा विंची रिझॉल्व्ह वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. ते कार्डावर बरंच अवलंबून असतं, तिथे कार्ड लवकर घ्या.

मग कुठलं?

व्हिडिओ क्वचित असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल पुरतं. ते ७० वॉटचं आहे, त्यामुळे बहुतेक वेळा जुना पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. डीनॉइज रोजचं असेल, महिन्याला चार-पाच ४के व्हिडिओ असतील, तर किमान ८ जीबी मेमरीचं कार्ड बघा: ४०६० किंवा ५०६०. याच्या वर जायचं कारण गिऱ्हाईकाने द्यायला हवं, यूट्यूबच्या गेमिंग टेस्टने नाही.

आता हिशोब

समजा कार्ड ३०,००० रुपयांचं आहे आणि दोन वर्षांत वसूल करायचंय. म्हणजे महिन्याला १,२५०. महिन्याला दोन व्हिडिओ असतील तर प्रत्येकावर ६२५ रुपये कार्डाचे. तुम्ही व्हिडिओचे ३,००० घेत असाल तर ठीक आहे. पण दोन महिन्यांतून एकच व्हिडिओ येत असेल, तर त्या एकावर २,५०० पडतात. मग हातात काय उरलं? अशा वेळी प्रॉक्सी वापरा. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हीत मूळ फाइलची हलकी कॉपी बनवून एडिट करता येतं आणि एक्सपोर्ट मूळ फाइलमधूनच होतो. खर्च शून्य.

घेताना

लॅमिंग्टन रोडला जा, तीन दुकानांत भाव काढा, पण पक्कं बिल घ्या. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळेल. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो कर तुमचाच खर्च, हिशोबात धरा.

सेकंडहँड स्वस्त दिसतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. ३० सिरीजचं जुनं कार्ड घेताना मूळ बिल, वॉरंटी आणि समोर अर्धा तास चालवून बघणं, हे तिन्ही नसेल तर सोडून द्या.

आजचं काम

तुमची नेहमीची सगळ्यात जड फाइल उघडा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर लावा आणि काम करत राहा. रॅम भरली तर रॅम घ्या. डिस्क १०० टक्के दिसली तर एसएसडी घ्या. जीपीयू खरंच भरलेला दिसला, तरच कार्डाचं बघा. सीझनच्या आधी पैसा अडकवू नका. मशीन कामाने मोठं होऊ द्या.