लोहचुंबक कपाटात का?

‘लोखंडाला आकर्षून घेणाऱ्या पदार्थास लोहचुंबक म्हणतात.’ ही व्याख्या आपण सर्वांनीच कधी ना कधी घोकली आहे. परंतु लोहचुंबक हातात घेऊन तासभर मनसोक्त खेळलेले आपल्यात किती निघतील? माझ्या शाळेत तो कपाटात असे, कपाटाला कुलूप असे, आणि परीक्षेत मात्र त्याची आकृती हमखास विचारली जाई.

आणि हे कोठे, तर जालन्यात! ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी झाली. आजच्या जालन्याचे नाव गाजते ते लोखंडी सळयांमुळे. भट्टीत वितळवायचे भंगार उचलण्यासाठी क्रेनला विजेचा प्रचंड चुंबक लावतात. प्रवाह बंद केला की माल खाली. ज्या मुलाचा बाप अशा भट्टीवर राबतो, त्याने चुंबक केवळ चित्रात पाहावा, याला शिक्षण म्हणावे काय?

खर्चाची सबब येथे चालणार नाही. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला गोल चुंबक भंगारवाल्याकडे मिळतो. तो मुलाच्या हाती द्यावा आणि आपण गप्प बसावे. ‘चुंबक धातूला चिकटतो’, असे मूल आधी म्हणेल. मग ते घरभर फिरेल. विळीला चिकटतो, तांब्याच्या घागरीला नाही, पितळी समईला नाही, ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही नाही. स्टीलच्या एका डब्याला चिकटतो, दुसऱ्याला नाही! स्टील तर दोन्ही, मग असे का? हा प्रश्न आता पुस्तकाचा राहिला नाही, मुलाचा झाला.

चुंबक कागदात गुंडाळून कुंडलिकेच्या वाळूत फिरवला, तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. हे लोहयुक्त कण आपल्या काळ्या कातळाच्या झिजेतून आलेले. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासून, वाळक्या पानावर ठेवून पाण्यात सोडली, की ती दक्षिणोत्तर स्थिर होते. परात मात्र पितळी हवी. लोखंडी का नको, ते मुलांनाच शोधू द्यावे. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडले, तेही चुंबकदगडाच्या लहानशा गोळ्यावर सुई फिरवून पाहिल्यावर!

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करीत. पुण्याच्या टेल्कोतील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्यातच त्यांनी आयुष्य वेचले. चुंबकांच्या आधारे हवेत तरंगणारी त्यांची पेन्सिल आजही मुलांना खिळवून ठेवते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ साली शासनाने बंद केला. चांगली गोष्ट आपोआप टिकत नाही, ती कोणीतरी टिकवावी लागते.

‘आपण कलाशाखेचे, आपला काय संबंध?’ असे काही मित्र म्हणतील. माझे उत्तर असे की, उद्या आपल्यातीलच कित्येक शिक्षक होतील आणि बहुतेक जण आईबाप. प्रश्न विचारणारे मूल घडवणे हे काही केवळ विज्ञानशाखेचे काम नव्हे. एक सावधगिरी मात्र हवी. बाजारात मिळणारे बारीक, अतिशक्तिशाली चुंबक लहानांच्या हाती देऊ नयेत. असे दोन चुंबक गिळले गेले, तर ते आतड्यांना चिमटून जिवावर बेतते. स्पीकरचा मोठा चुंबक बरा.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते करावेच. पण यंदा एक दुपार गावच्या शाळेसाठी राखावी. दहा-बारा चुंबक, सुया, वाळू आणि परात एवढे साहित्य पुरे. भाषण नको, व्याख्या नको. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे; चुंबक गोळा करण्याचे काम आम्ही विद्यार्थी आनंदाने करू.