'एकी'ची गोष्ट

मंडळी, आजचा विषय जरा 'तसला' आहे. नाकं मुरडू नका. सत्तरी ओलांडल्यावर कसला आलाय संकोच!

शाळेत लहान मुली करंगळी वर करून बिनधास्त विचारायच्या, "बाई, एकीला जाऊ का?" आठवी-नववीत गेल्या की ती करंगळी वर होणंच बंद व्हायचं. अशाच मुली मोठ्या होऊन डोंबिवली-कल्याणहून लोकलने नोकरीला जातात. लोकलमध्ये सोय नसते, बाहेरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. मग उपाय काय, तर पाणीच प्यायचं नाही! माझी भाची सकाळी सातला घर सोडते, ती दुपारच्या डब्यापर्यंत घोटभर पाणी पीत नाही. बाटली पर्समध्ये असते, शोभेला.

याला सगळे 'सवय' म्हणतात. मला तर हा लादलेला निर्जळी उपास वाटतो.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत चटकन पोचतात. लघवीवाटे ते धुऊन जातात. पण पाणी नाही आणि तासन् तास रोखून धरलं, तर त्यांना रान मोकळंच! मग जळजळ, कधी ताप, अँटिबायोटिक्स. घाणेरड्या कमोडवर न टेकता अधांतरी राहिलं, तर खालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. उलट, लागलेली नसताना 'जाऊन घेऊ' म्हणून सारखं गेलं, तर थोड्याशानेही घाई व्हायला लागते.

२०११ साली मुंबईत 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का, हा तिचा साधा सवाल. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितलं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीही त्यातच आली. म्हणजे हे उपकार नव्हेत, हक्क आहे. मत मागायला येणाऱ्याला रस्ते-पाण्याआधी हे विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि लेकी-सुनांनो, तोवर पाणी पीत जा. तीन-चार तासांनी जात जा, टेकून, निवांत. जळजळ झाली, रक्त दिसलं किंवा ताप आला, तर अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा. ऑफिसात 'जाऊन येते' म्हणायला लाजू नका. लाजायचं असेल तर ज्यांनी सोय केली नाही त्यांनी.

असो. तुमच्या घरी हे बोललं जातं का? जरूर कळवा.