धक्क्याला धक्का

"आमच्या गावचा धक्का पाडणार आहेत," असं मी दिवाळीच्या सुट्टीनंतर रूमवर सांगितलं, तेव्हा माझ्या लातूरच्या पार्टनरने जर्नलमधून डोकंही वर न काढता विचारलं, "कोण कुणाला धक्का मारून पाडणार?"

चूक त्याची नाही. ज्याच्या गावाला समुद्र नाही त्याला धक्का म्हणजे बसमधला नाहीतर रिझल्टच्या दिवशीचा, एवढंच ठाऊक. म्हणून आधी सांगतो. धक्का म्हणजे खाडीत पुढे गेलेला, खांबांवर उभा असलेला काँक्रीटचा रस्ता. आजकाल सगळे त्याला जेट्टी म्हणतात. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावचा धक्का माझ्या वडिलांच्या लहानपणी झाला. त्याला तर लागते, होड्या लागतात, संध्याकाळी म्हातारी माणसं हवा खायला बसतात, पोरं गळ टाकतात, आणि भरतीला आम्ही टोकावरून उड्या मारतो. आईच्या शिव्या खातो, पुन्हा मारतो. थोडक्यात, तुमच्याकडे जे काम पार, बाग आणि एसटी स्टँड मिळून करतात, ते आमच्याकडे हा एकटा धक्का करतो.

दोन वर्षांपूर्वी तिथे पाटी लागली: "धोकादायक". खालून पाहिलं तर बीमच्या सळ्या उघड्या पडल्यात. आता तर धक्क्याला लागत नाही, बाजूच्या चिखलात थांबते. माझी आजी गुडघ्याच्या दुखण्यासाठी पलीकडच्या दवाखान्यात जायची. तिला गेल्या वेळी दोघांनी उचलून होडीत बसवलं. त्यानंतर ती गेलीच नाही. "माका सामान करून नेऊ नको," म्हणाली.

गावात दोन पक्ष. एक म्हणतो पाडा, नवीन पर्यटन जेट्टी बांधा. दुसरा म्हणतो डागडुजी करा, हाच ठेवा. सुट्टीत मी धक्क्याकडे गेलो तर तारीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "रे, तू इंजिनेर ना? मगे सांग, ह्यो धक्को ऱ्हवतलो काय पडतलो?"

मित्रांनो, तीन वर्षं स्थापत्य शिकतोय. एसओएममध्ये बासष्ट मार्क. आणि मला उत्तर देता आलं नाही! "टेस्ट करायला लागेल," असं काहीतरी पुटपुटून मी सटकलो. व्हायव्हाला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परत आल्यावर आमच्या सरांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "क्लीव्हडनचा धक्का वाच, मग बोलू." वाचलं. तुम्हालाही सांगतो, कारण ती गोष्ट आपल्या कामाची आहे.

क्लीव्हडन हे इंग्लंडच्या पश्चिमेला, ब्रिस्टल खाडीवरचं छोटंसं गाव. तिथे भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो. आपल्याकडे कोकणात तो दोन-तीन मीटर असतो, यावरून कल्पना करा. म्हणजे ओहोटीला धक्क्यावरून खाली पाहिलं की चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहिल्यासारखं! अशा ठिकाणी १८६९ साली त्यांनी बोटींसाठी धक्का उभा केला. शंभर-शंभर फुटांचे आठ गाळे, आणि पाय इतके सडपातळ की वाटावं कोळी उभा आहे.

गंमत त्या पायांत आहे. ते बनलेत रेल्वेच्या रद्दी रुळांपासून! बार्लो नावाच्या इंजिनियरने एक रुंद रूळ काढला होता. त्याला स्लीपर लागत नाही, सरळ खडीवर ठेवायचा. कागदावर झकास. पण प्रत्यक्षात स्लीपर नसल्यामुळे दोन रुळांमधलं अंतर कायम राहीना, आणि रूळ उखडावे लागले. धक्का बांधणाऱ्यांनी तेच लोखंड घेतलं, पाठीला पाठ लावून रिव्हेट केलं आणि त्याचे खांब केले. रूळ म्हणून नापास झालेलं लोखंड खांब म्हणून पास झालं. एटीकेटीवाल्या बांधवांनी हे वाक्य कपाटाच्या दारावर चिकटवायला हरकत नाही.

शंभर वर्षं धक्का उभा राहिला. मग १७ ऑक्टोबर १९७० रोजी विम्यासाठी त्याची भारचाचणी झाली. दर चौरस फुटाला ५० पौंड, म्हणजे चौरस मीटरला साधारण २४४ किलो. पाण्याचं वजन ठेवून हा भार द्यायचा होता. टोकाकडचे दोन गाळे त्या चाचणीतच समुद्रात गेले! धक्का सुरक्षित आहे का हे बघायला गेले, आणि तो बघता बघता पडला. टोकाचा चौथरा पाण्यात एकटाच उभा राहिला, किनाऱ्याशी काही संबंध नसल्यासारखा.

पुढची गोष्ट आमच्या ग्रामसभेसारखीच. नगरपालिकेचं मत, पाडून टाका. लोक म्हणाले, नाही. गावकऱ्यांनी ट्रस्ट काढला, वर्गण्या जमवल्या, इंग्लंडचे राजकवी जॉन बेट्जमन त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९८० मध्ये जाहीर चौकशी झाली आणि पाडण्याला परवानगी मिळाली नाही. मग १९८५ मध्ये धक्का सुटा करून जवळच्या पोर्टिसहेडच्या गोदीत नेला, तिथे दुरुस्त केला आणि परत आणून उभा केला. १९८९ मध्ये लोक पुन्हा त्यावर चालले. टोकाचं काम संपायला १९९८ उजाडलं. २००१ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचा वारसा दर्जा मिळाला. आज तिथे लोक फिरतात, गळ टाकतात, कधीमधी जुनी प्रवासी बोटही लागते.

ही गोष्ट ऐकून आमच्या विंगमधले लगेच म्हणाले, "म्हणजे तुमचाही वाचवा!" थांबा. मला इतकं सोपं वाटत नाही. माझी मतं तीन आहेत.

पहिलं मत. पाटी लावणं म्हणजे तपासणी नव्हे. आमच्या धक्क्याला "धोकादायक" म्हणताना कुणी काय मोजलं, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. आपल्या लॅबमध्ये रिबाउंड हॅमर आहे, अल्ट्रासोनिकचं यंत्र आहे. सळई किती आत आहे आणि किती गंजली आहे हे सांगणाऱ्या पद्धती आपण शिकतो. आय.एस. ४५६ मध्ये भारचाचणी स्पष्ट दिली आहे: वापराच्या भाराच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, आणि काढल्यावर पुढच्या २४ तासांत वाक किमान ७५ टक्के परत यायला हवा. पण क्लीव्हडनने शिकवलं ते असं की भारचाचणी ही शेवटची पायरी आहे. आधी ठोकून, बघून, मोजून घ्यायचं, खांबांसाठी पाण्याखाली पाणबुड्या पाठवायचा, आणि मग वजन थोडं थोडं वाढवायचं. रोग्याला पळायला लावून हृदय तपासण्याआधी डॉक्टर निदान नाडी तरी बघतो!

दुसरं मत. आजार का झाला ते न कळता केलेली डागडुजी म्हणजे पैसे खाडीत. काँक्रीट क्षारीय असतं, म्हणून आतली सळई सुरक्षित असते. खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड आत पोचलं की ते कवच तुटतं, सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, आणि काँक्रीट आतून फुटतं. जिथे लाटेचे शिंतोडे उडतात, म्हणजे कधी ओलं कधी सुकं, तिथे मीठही मिळतं आणि हवाही, म्हणून सगळ्यात वाईट अवस्था तिथलीच. आमच्याकडे दोनदा वरून सिमेंट फासून, रंग मारून उद्घाटन झालं. आत गंज तसाच. तो दोन पावसाळ्यांत पुन्हा बाहेर आला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी आजचं कोड एम-४० काँक्रीट आणि सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर मागतं. आमच्या उघड्या सळईपाशी मी पट्टी लावली. जेमतेम २५! तेव्हा कदाचित हा धक्का पाडावाच लागेल. तसं मोजून सिद्ध झालं तर पाडा म्हणणारा पहिला मी असेन. आठवणींवर माणसं उभी करता येत नाहीत. क्लीव्हडनवाल्यांनीही जुना धक्का नुसता रंगवून ठेवला नाही, तो अख्खा सोडवला होता.

तिसरं मत, आणि यावरून माझं गावात भांडण झालं. पाडा किंवा ठेवा, पण तो कुणासाठी हे आधी ठरवा. पर्यटन जेट्टीचं चित्र मी पाहिलं. छान आहे. दिवे आहेत, बाकं आहेत, तिकीटघर आहे, फाटक आहे. मासे उतरवायला जागा नाही. म्हातारं माणूस ओहोटीला होडीत कसं उतरणार, ते नाही. त्यासाठी तरंगता तराफा आणि त्याला बिजागरीने जोडलेला उतार लागतो. पाणी खाली गेलं की तराफा खाली जातो, उतार तिरका होतो. हिशोब आपल्यालाही येतो: तीन मीटरच्या फरकाला बाराला एक असा सौम्य उतार हवा तर तो ३६ मीटर लांब लागेल. चित्रात तो आठ-दहा मीटरचा दिसतो. म्हणजे ओहोटीला घसरगुंडी!

काहीजण म्हणतात, मच्छीमारी आणि तर हे काम, बाकी बसणं-उठणं म्हणजे टाइमपास, त्यावर सरकारी पैसा कशाला? मला हे पटत नाही. क्लीव्हडनचा धक्का वाचला तो तिथे फिरणाऱ्या लोकांमुळे. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी फुकट बसायला वाऱ्याची जागा मिळणं ही चैन नाही. फक्त ती सगळ्यांना मिळाली पाहिजे, फाटकाबाहेरच्यालासुद्धा.

आणि एक गोष्ट क्लीव्हडनची घेऊ नये: एकोणीस वर्षं! आजीचा गुडघा तेवढं थांबणार नाही. निर्णय काहीही होवो, आधी तात्पुरता तराफा बांधा. त्याला ना राजकवी लागतो, ना चौकशी.

आता आपल्याबद्दल. दरवर्षी आपल्या डिपार्टमेंटला किती प्रोजेक्ट जुन्या रिपोर्टचं कव्हर बदलून सबमिट होतात, हे मी इथे लिहिणार नाही, कारण मलाही पुढच्या वर्षी पास व्हायचंय. पण प्रत्येकाच्या गावात असं एक काहीतरी आहे: साकव, पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर. त्याला पाटी लागलीय आणि कुणी मोजलेलं नाही. तेच प्रोजेक्ट का करू नये? आपल्या सहीने धक्का सुरक्षित ठरणार नाही, ते काम परवानाधारक इंजिनियरचंच. पण ग्रामसभेत आरडाओरड्याऐवजी चार आकडे ठेवता येतील.

सरांना विचारलंय. हॅमर न्यायला त्यांची हरकत नाही, फक्त खाडीत पाडू नका म्हणाले. परीक्षा संपली की मे महिन्यात, पावसाआधी, ओहोटी बघून जायचंय. अजून चारजण हवेत. पोहता येणं आवश्यक. राहायची सोय आमच्या घरी, आणि जेवण आपल्या मेसपेक्षा बरं असेल याची हमी माझ्या आईकडून. लातूरचा पार्टनर आधीच तयार झालाय. त्याला समुद्र बघायचाय. आणि मला तारीकाकांना उत्तर द्यायचंय.

— तृतीय वर्ष, स्थापत्य